सान हुआनला आहे तरी काय?

“पण तिथं आहे तरी काय?” विमानाचा पट्टा आवळत सासूबाईंनी पुन्हा विचारलं.

“किल्ला आहे, आई. अगदी समुद्रावर. पाचशे वर्षं जुनं शहर आहे, इथून चार तासांवरच्या एका बेटाची राजधानी.”

“किल्ल्यासाठी विमान कशाला? आपले अनकाई-टनकाई काय पळून गेलेत? येवल्याहून सकाळी निघालं तर जेवायला माघारी.”

“समुद्र आहे.”

“तो मुंबईला बघितलाय.”

“जुन्या गल्ल्या आहेत, रंगीत घरं आहेत...”

“गल्लीतच जन्म गेला माझा.”

खिडकीशी बसलेला नंदू, म्हणजे त्यांचा मुलगा आणि माझा नवरा, मासिकात तोंड लपवून हसत होता. मदतीला येईल तर शपथ. मी शेवटचं अस्त्र काढलं. “आणि ऊन आहे, आई. ऐन जानेवारीत कडकडीत ऊन.”

यावर मात्र त्या जरा थांबल्या. न्यू जर्सीच्या थंडीने त्यांची बोटं आखडली होती आणि दोन महिने त्यांनी घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. मग म्हणाल्या, “ऊन येवल्यालाही आहे. दोन तारखेला जातेच आहे मी.”

फिरून फिरून भोपळे चौकात. त्या दोन फेब्रुवारीच्या तिकिटापायीच तर मी हा सगळा खटाटोप मांडला होता.

या गोष्टीला आता सोळा-सतरा वर्षं होतील. आदल्या मार्चमध्ये माझे सासरे गेले होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. ते पैठणी विणायचे आणि सासूबाई त्यांना रेशमाच्या कांड्या भरून द्यायच्या. उभा संसार दोघांनी एका मागाभोवती केला. दादा गेल्याचं कळल्यावर आम्ही धावतपळत येवल्याला पोचलो तेव्हा मी तीन महिन्यांची गरोदर होते. दिवसकार्य उरकून परतलो आणि महिन्याच्या आत ते मूल गेलं. डॉक्टरांनी कारण समजावून सांगितलं, त्यात कुणाचाच दोष नव्हता. सासूबाईंनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, “आधी ते, मग ते लेकरू. माझीच सावली वाईट गं.”

एकट्या पडल्या म्हणून ऑक्टोबरात नंदू त्यांना घेऊन आला. मला पुन्हा दिवस गेलेत हे आम्ही मुद्दाम फोनवर सांगितलं नव्हतं. समोरासमोर सांगू, खूष होतील, असा आमचा बेत. त्यांनी ऐकलं, डोळे पुसले, देवापुढे साखर ठेवली आणि संध्याकाळी नंदूला म्हणाल्या, “माझं परतीचं तिकीट काढ.” त्याने हातापाया पडून ते कसंबसं फेब्रुवारीपर्यंत लांबवलं. बाळ मे महिन्यात होणार होतं.

तोवर त्या आमच्या घरात पाहुण्यासारख्या राहिल्या. माझ्यासाठी शिरा करायच्या, पण बशी ओट्यावर ठेवून बाजूला व्हायच्या. हातात द्यायच्या नाहीत. मी सोफ्यावर टेकले की त्या उठून खुर्ची गाठायच्या. शेजारच्या मराठी बायका आल्या की आपल्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यायच्या. माझ्या पोटाकडे तर त्या बघतही नसत.

पहिलं बाळंतपण माहेरी करतात. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. माझं माहेर म्हणजे साताऱ्यातला एक ब्रह्मचारी भाऊ आणि त्याचा कुत्रा. एकदा मूल गेलेलं असलं की दुसऱ्या वेळी दिवस कसे काढावे लागतात ते ज्याचं त्याला माहीत. मला सासूबाई हव्या होत्या. कामाला नव्हे, कामाला बाई मिळते. मला त्याच हव्या होत्या, बाळ येईल तेव्हा घरात, माझ्या उशाशी. पण हा विषय काढला की त्या म्हणायच्या, “तू माझ्यापासून लांब आहेस तेच बरंय,” आणि जपाची माळ ओढायच्या. मी स्वभावाने तिखट, कुणाशीही भांडू शकते. पण जी बाई माझ्याच भल्यासाठी माझ्यापासून पळते तिच्याशी कसं भांडायचं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

सान हुआनच का, याची कारणं मी ज्याला त्याला निराळी दिली. ऑफिसात सांगितलं, स्वस्त पडतं. डॉक्टरांना सांगितलं, पुढे विमान बंद होणार, आत्ताच जाऊन येते. नंदूला सांगितलं, तुला किल्ल्यांचा नाद आहे ना, मग चल. खरं कारण मी नंदूलासुद्धा सांगितलं नव्हतं.

आम्ही उतरलो त्या दिवशी भोगी होती. सासूबाईंनी ते तोंडातून काढलं नाही, मीही नाही. सुटकेस हॉटेलात टाकून आम्ही जुन्या शहरात शिरलो. गुळगुळीत निळसर दगडांचे चढउताराचे रस्ते, दोन्हीकडे पिवळी, गुलाबी, मोरपंखी घरं, लाकडी सज्जांतून खाली लोंबणाऱ्या वेली. उंबऱ्या-उंबऱ्यावर मांजरं. नंदू पुढे फोटो काढत, मध्ये मी, आणि सासूबाई माझ्यापासून चार हात मागे. एका उतारावर माझा पाय सटकला. त्यांच्या तोंडून “अगं बाई!” निघालं, हात पुढे आला, आणि अर्ध्यातच मागे गेला. मी भिंतीला धरून सावरले. राग कसला आला मला! त्यांच्यावर नव्हे, ज्याने कुणी हे त्यांच्या डोक्यात भरवलं त्याच्यावर.

जेवायला एका लहानशा खानावळीत बसलो. बिनमांसाचं काय आहे असं खोदून खोदून विचारल्यावर मालकिणीने आमच्यापुरता वेगळा भात करून आणला. सासूबाईंनी एक घास घेतला, मग दुसरा घास बोटांनी चिवडून पाहिला.

“अगं, हे तर तुरीचे दाणे!” त्या म्हणाल्या. “ओल्या तुरीचे!”

“इथे भातात घालतात.”

“इतक्या लांब?” त्यांनी ताट स्वच्छ केलं. मालकिणीने आणखी वाढलं तेव्हा नाही म्हणाल्या नाहीत. ऑक्टोबरपासून मी त्यांना दुसऱ्यांदा भात घेताना पाहिलं नव्हतं. “तुरीला काय, कुठंही येते,” असं काहीसं त्या पुटपुटल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही किल्ल्याकडे निघालो. शहर संपतं तिथे एक भलंमोठं हिरवं माळरान आहे, तिन्ही बाजूंनी समुद्र, आणि त्या टोकाला किल्ला. गल्लीतून बाहेर पडलो आणि सासूबाई जागच्या जागी थांबल्या.

आभाळभर पतंग होते. लाल, निळे, पट्ट्यापट्ट्यांचे, लांब शेपट्यांचे. खाली गवतावर माणसं पसरली होती, कुणी खुर्च्या टाकून, कुणी आडवी होऊन, आणि समुद्रावरचा वारा एकसारखा वाहत होता.

“आज संक्रांत,” सासूबाई म्हणाल्या.

“हो.”

“तुला माहीत होतं.” त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. “म्हणून आणलंस होय गं?”

हो, म्हणूनच. आमच्या वसाहतीत संक्रांतीच्या आठवड्यात घराघरांत हळदीकुंकू असतं. जिन्यातून बांगड्या आणि हसणं ऐकू येतं, बायका नव्या काळ्या साड्या नेसून दारावरून जातात. सासूबाई तो सगळा आठवडा आपल्या खोलीचं दार लावून बसल्या असत्या, आणि मला ते बंद दार बघायचं नव्हतं. विमान कंपनीच्या कॅलेंडरवर जानेवारीच्या पानावर या मैदानाचं चित्र होतं, वर पतंगच पतंग. येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस सगळं गाव गच्चीवर असतं, हलग्या वाजतात, दुकानं बंद. दादा पतंग चढवायचे आणि पेच लागला की दोरा बायकोच्या हातात द्यायचे, कारण कापायला हात तिचा, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

“वर्ष झालं नाही अजून,” त्या म्हणाल्या. “या वर्षी आपल्याला सण नाही.”

“सण कुठे करतोय? नुसतं बसू.”

त्या बसल्या, पण पतंगांकडे पाठ करून, समुद्राकडे तोंड करून. तेवढ्यात नंदूने फेरीवाल्याकडून एक पतंग आणलाच. प्लॅस्टिकचा, त्यावर पोपट, खाली हातभर शेपटी. तो पळाला, पतंग वर गेला, गिरक्या खाल्ल्या आणि गवतात नाक खुपसून पडला. पुन्हा पळाला, पुन्हा पडला.

सासूबाईंची मान हळूहळू वळत होती. “शेपटी कशाला ती? माकड आहे का?” त्या म्हणाल्या. नंदूने ऐकलं नाही. “अरे, तोड ती शेपटी! वाऱ्याकडे पाठ कर. पळू नको, पळतोस काय घोड्यासारखा? ढील दे. ढील दे म्हणते ना! आण इकडे.”

आणि त्या उठल्या. पदर खोचला, दोरा बोटांत घेतला, दोन झटके दिले, आणि तो पोपट तीरासारखा वर चढला. मी तोंडावर हात ठेवून बघत राहिले. आखडलेली बोटं मोकळी झाली होती. त्या डावीकडे गेल्या, उजवीकडे आल्या, ओठ दाबून, डोळे बारीक करून. शेजारी एक मोठा लाल पतंग बराच उंच, अगदी निवांत उभा होता. येवल्यात वर दुसऱ्याचा पतंग दिसला की तो कापायचा असतो. त्यात विचारायचं काय? त्यांनी आपला दोरा त्याच्या दोऱ्यावर आडवा घातला, सरसर ढील सोडली आणि मग हातावर हात टाकत अशी खेच घेतली की मला हात दिसेनात. साधा दोरा, काच नाही की मांजा नाही, पण थांबलेल्या दोऱ्यावर पळता दोरा पडला की कापतोच.

लाल पतंग डुलला आणि सुटला.

“वक्काऽऽट!” सासूबाई ओरडल्या. दोन्ही हात वर, पदर वाऱ्यावर. “वक्काट रे, वक्काट!”

नंदूचं वय तेव्हा पस्तीस, चांगला जबाबदार इंजिनियर. तो बूट फेकून त्या कटलेल्या पतंगामागे धूम पळाला. मी टाळ्या वाजवत होते. सासूबाई हसत होत्या, अगदी मोठ्याने, सगळे दात दाखवून.

मग आमच्या ध्यानात आलं की दुसरं कुणीच ओरडत नाहीये. माणसं उठून बसली होती आणि आमच्याकडे बघत होती. एका आईने आपल्या मुलांचे दोरे घाईघाईने गुंडाळायला घेतले. इथे कुणी कुणाचा पतंग कापत नाही, हे आमच्या तिघांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

“कुणाचा होता गं तो?” सासूबाईंनी विचारलं.

थोड्या अंतरावर घडीच्या खुर्चीत एक म्हातारी बसली होती. पांढरे केस, पिवळा फुलाफुलांचा झगा. तिच्या हातातून तुटका दोरा गवतावर लोंबत होता. सासूबाईंनी ते पाहिलं आणि हातातला दोरा सैल सोडला. पोपट खाली आला. त्या मटकन बसल्या.

“वर्ष झालं नाही आणि मी हसले,” त्या म्हणाल्या. “बघितलंस ना? तू शेजारी पोटुशी, आणि माझ्या हातून कापलं. माझ्या हातून हेच होतं. नंदूला सांग, तिकीट अलीकडचं कर. उद्याचं मिळालं तर उद्याचं.”

“आई, पतंग होता तो!”

“तुला काय कळतंय,” त्या म्हणाल्या आणि माझ्यापासून आणखी दूर सरकल्या.

म्हातारी उठली होती. खुर्ची काखेत मारून, तुटका दोरा ओढत ती सरळ आमच्याकडे चालत आली. आता भांडण होणार म्हणून मी सावरून बसले. सासूबाईंनी आधीच हात जोडले होते.

“कुणी कापला?” तिने इंग्रजीत विचारलं.

मी सासूबाईंकडे बोट दाखवलं, चुगलखोरासारखं. म्हातारीने खुर्ची उघडली, समोर ठेवली आणि बसली. “लहानपणापासून इथे येतेय मी,” ती म्हणाली. “माझा पतंग कुणी कापला नव्हता. विचार तिला, कसा कापला?”

मी मराठीत सांगितलं. सासूबाईंना पटेना. “शिव्या देत असेल तर तसं सांग. मला चालेल.”

“शिव्या नाहीत, आई. तिला शिकायचंय.”

तिचं नाव इर्मा. एवढ्यात नंदू धापा टाकत आला, पोटऱ्या खरचटलेल्या, हातात लाल पतंग उंच धरलेला. “मिळाला! दोन पोरांच्या आधी पकडला!” मग त्याने इर्माला पाहिलं, आमची तोंडं पाहिली, आणि शाळेत पकडल्यासारखा तो पतंग तिच्या मांडीवर ठेवून दिला. इर्मा इतकी हसली की खुर्ची करकरली.

“हा मुलगा तिचा? आणि नवरा कुठाय?” तिने विचारलं.

“गेले,” मी सांगितलं. “दहा महिने झाले.”

इर्माने सासूबाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला. “माझे दोघं गेले.”

“दोन?” सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. “नीट ऐकलंस का?”

“दोनच म्हणाली.”

त्यांनी इर्माला निरखून पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, “तिला विचार, दोघं गेल्यावर लोक तिला घरात घेतात का? लहान मुलं हातात देतात का?”

असं कसं विचारायचं परक्या बाईला? पण त्या वाट बघत होत्या. मी जसंच्या तसं विचारलं. इर्माला कळलंच नाही. मी पुन्हा, वेगळ्या शब्दांत विचारलं. मग ती कपाळाला आठ्या घालून म्हणाली, “पहिला प्यायचा. दुसऱ्याचं हृदय अधू होतं. त्यात मी काय केलं? नातवंडं सगळी मीच वाढवली, त्यांच्या आया कामाला जातात. गल्लीत कुणाला बाळ झालं की आधी मला हाक मारतात. मी म्हातारी आहे ना.”

मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. ‘त्यात मी काय केलं’ हे मी दोनदा सांगितलं. सासूबाई ऐकत होत्या आणि त्यांची बोटं गवतातला तुटका दोरा चाचपत होती. त्यांनी इर्माच्या दोऱ्याचं आणि लाल पतंगाचं अशी दोन्ही टोकं उचलली, ओठांत धरून ओली केली, एकमेकांवर घेतली, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सांधली. मागावर तुटलेला धागा त्या अशाच सांधायच्या. इर्माने सांध्यावरून नख फिरवलं, तिला तो सापडेना.

“आणि ही?” तिने माझ्या पोटाकडे हनुवटी केली. उत्तराची वाट न बघता तिने आपला तळवा माझ्या पोटावर ठेवला, डोळे मिटले, आपल्या भाषेत काहीतरी म्हटलं. तो आशीर्वाद होता हे कुणी सांगायची गरज नव्हती. मग डोळे उघडून ती सासूबाईंना म्हणाली, “आता आजी.”

सासूबाईंनी हात पदरात घेतले. “नको. तिला सांग, नको.”

मी तिला काही सांगितलं नाही. मीच बोलले. “आई, मला भीती वाटते. रोज सकाळी उठल्यावर पहिली भीती वाटते. बाथरूमला जाताना वाटते. नंदूला सांगत नाही, तो घाबरतो.”

“म्हणून तर मी लांब राहते गं, पोरी.”

“तुम्ही लांब राहता ना, तेव्हा ती जास्त वाटते.”

मला रडू आवरेना. भर मैदानात, परक्या देशात, नाक गळेपर्यंत रडले. नंदू माझ्या पाठीवर हात फिरवत होता आणि तोही डोळे पुसत होता. सासूबाई गुडघ्यांवर सरकत जवळ आल्या. त्यांनी आधी माझं नाक पदराने पुसलं, एखाद्या शेंबड्या पोरीचं पुसावं तसं. मग हात ठेवला. हलका, मग जरा दाबून, इकडून तिकडून चाचपत.

“पाच महिने होऊन गेले आणि एवढंसंच?” त्या रागावून म्हणाल्या. “खात नाहीस तू. शिरा करते तो टाकतेस की काय? आणि कमरेला ही कसली घट्ट पट्टी बांधलीस? सोड ती. मूर्ख कुठली!”

माझ्या आईनंतर मला कुणी मूर्ख म्हटलं नव्हतं. मी पट्टी सोडली.

इर्मा समाधानाने आमच्याकडे बघत होती. तिने मला काहीतरी विचारलं.

“काय म्हणतेय?” सासूबाई. हात तसाच पोटावर.

“विचारतेय, बाळ कधी.”

“मे महिन्यात म्हणावं. आणि सांग तिला, बाळंतपण मी करणार आहे.”

मी नंदूकडे पाहिलं. तो समुद्राकडे बघत होता, आणि त्याचे खांदे हलत होते.

“अगं सांग की! थांबलीय ती बिचारी.”

सुचेल त्या इंग्रजीत मी सांगितलं, की बाळाचं आणि माझं सगळं ही करणार आहे, महिना दोन महिने, जितके दिवस लागतील तितके. इर्माला त्यात काही विशेष वाटलं नाही. तिने खांदे उडवले.

“म्हणजे काय? दुसरं कोण करणार?”

मी ते सासूबाईंना सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

“तेच म्हणते मी,” त्या म्हणाल्या.